न बनलेलं बटण

चौकशी अहवालाच्या कच्च्या मसुद्यात जयवंत मेस्त्रींबद्दल दोनच वाक्यं होती. 'मुख्य व्हॉल्व्ह बंद करण्याची आज्ञा ऑपरेटरने दिल्याची नोंद आढळत नाही. अलार्म वाजल्यानंतर शहाण्णवाव्या सेकंदाला ऑपरेटर जागा सोडून बाहेर गेला.'

दोन्ही वाक्यं खरी होती.

रेवती शिरधनकरने तो मसुदा पुण्याच्या ऑफिसात वाचला. जयवंत मेस्त्री तिचा सख्खा मामा. आणि ही नोंद ज्या प्रोग्रॅमने ठेवली होती, त्याचा मोठा भाग तिने स्वतः लिहिलेला होता.

घडलं होतं ते असं. करंजवणे बंदरावर कोळंबी सोलून, गोठवून परदेशी पाठवणारा एक कारखाना आहे. गोठवण्यासाठी तिथे अमोनिया वापरतात. २०३८च्या नोव्हेंबरात, एका बुधवारी दुपारी तीन वाजून बारा मिनिटांनी, सोलणीच्या हॉलवरून जाणाऱ्या अमोनियाच्या पाइपाचा सांधा फुटला. हॉलमध्ये त्या वेळी बासष्ट बायका होत्या. एकोणसाठ जणी बाहेर पडल्या. दारापासून सगळ्यात लांब, बर्फखान्याच्या भिंतीकडच्या टेबलावर बसलेल्या तिघी आतच दगावल्या. सुगंधा नाटेकर, निर्मला भाटकर आणि राबिया वस्ता.

कंट्रोल रूममध्ये जयवंतमामा एकटा होता. तिथून मुख्य व्हॉल्व्ह एका बटणाने बंद होतो, आणि झाला असता तर वीस सेकंदांत पाइपातला वायू संपला असता. तसं झालं नाही. शेवटी मामा खाली धावला, कॉम्प्रेसरच्या खोलीच्या दाराशी असलेलं, यंत्र थांबवणारं लाल बटण त्याने दाबलं, मग मागच्या आवारात जाऊन मुख्य व्हॉल्व्हचं चाक हाताने फिरवलं. त्यात पाच मिनिटं गेली.

शार्दूल केतकर हा रेवतीचा वरिष्ठ. तो मसुदा घेऊन तिच्या टेबलाशी आला.

"समितीला आपलं तांत्रिक मत हवंय. तू लिही."

"जयवंत मेस्त्री माझे मामा आहेत, शार्दूल."

"माहीत आहे मला. म्हणूनच तू लिही. आपण ऑपरेटरला अडकवतोय असं मग कोणी म्हणणार नाही." त्याने मसुदा तिच्यासमोर ठेवला. "नात्याचा उल्लेख करायची गरज नाही. उद्या कोणी आरोप केला, तर तेव्हा सांगू."

त्याच दिवशी तिने रजा टाकली आणि करंजवण्याची गाडी धरली.

या प्रोग्रॅमचं नाव 'अनुरूप'. तो समजण्यासाठी आधी जुनी पद्धत सांगायला हवी. मामा नोकरीला लागला तेव्हा कंट्रोल रूममध्ये लोखंडी पॅनेल होतं, त्यावर छप्पन्न बटणं होती आणि प्रत्येक बटण स्क्रूने घट्ट बसवलेलं होतं. मग स्क्रीन आल्या. बटणं चित्रातली झाली, तरी ती कुठे असावीत हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने आधीच ठरवलेलं असे, आणि ती तिथेच असत. यात एक अडचण होती. कारखान्यात काही बिघडलं की एका मिनिटात शंभर अलार्म वाजत, स्क्रीन लाल होऊन जाई आणि नेमकं काय दाबायचं हेच माणसाला सुचत नसे. जगभरात अशा गोंधळात माणसं मेलेली होती.

'अनुरूप'मध्ये बटणं आधी नसतातच. प्रोग्रॅम चालू असताना, त्या त्या क्षणाला, जे लागेल तेवढंच बटण तो मेमरीत घडवतो, त्याला त्याचं काम जोडतो आणि स्क्रीनवर ठेवतो. गरज सरली की ते बटण पुसून टाकतो, मेमरी मोकळी करतो. सेकंदाला दहा वेळा हे चालतं. काय लागेल हे ठरवण्यासाठी तो यंत्रांची मापं बघतो आणि समोर बसलेल्या माणसालाही बघतो. स्क्रीनवरचा बारीक कॅमेरा डोळे कुठे फिरतायत ते टिपतो, मनगटावरचा पट्टा नाडी मोजतो. प्रत्येक संभाव्य बटणाला गुण मिळतात. या माणसाला ते आत्ता हवं असण्याची शक्यता किती, चुकून दाबलं गेलं तर नुकसान किती, आणि इतक्या घाबरलेल्या अवस्थेत तो एकाच वेळी किती गोष्टी पेलू शकेल. गुण कमी पडले तर ते बटण बनतच नाही.

हे गुण देणारा भाग रेवतीने लिहिला होता. पहिल्या चाचणीसाठी करंजवण्याचा कारखाना तिनेच सुचवला होता, कारण तिथला ऑपरेटर तिच्या ओळखीचा होता, खरं बोलणारा होता. चाचणीच्या चार महिन्यांत मामा तिला दर रविवारी फोन करायचा. "अगो, ही तुझी स्क्रीन माझ्या मनातलं ओळखते," असं एकदा म्हणाला होता. तिने ते वाक्य कंपनीच्या सादरीकरणात वापरलं.

घरी पोचली तेव्हा मामी पुढच्या पडवीत तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"मागच्या बाजूला आहे. जेवत नाही धड. बोलला तर बघ."

मामा विहिरीजवळच्या दगडावर बसला होता. आठ दिवसांत त्याचे गाल आत गेले होते. दोन्ही तळहातांना पट्ट्या होत्या. व्हॉल्व्हचं चाक बर्फासारखं गार होतं, तळहातांची कातडी त्याला चिकटून निघाली होती.

"चहा घेतलास?" त्याने विचारलं.

"घेते नंतर. मामा, काय झालं ते मला सगळं सांग. पोलिसांना सांगितलंस तसं नको."

त्याने पट्ट्या बांधलेले हात मांडीवर ठेवले. मग सांगायला लागला.

"अलार्म वाजला तेव्हा हॉलचं चित्र डावीकडे कोपऱ्यात होतं, नेहमीसारखं. एवढंसं. बटणं उजवीकडे. मी चित्राकडे बघितलं. बायका धावत होत्या. मला भिंतीकडच्या तिघी दिसल्या. सुगंधा मला दिसली. तिचा नवरा आणि मी एका वर्गात होतो. ती तोंडावर पदर धरून टेबलाखाली वाकत होती. मी बघितलं, आणि चित्र मोठं झालं."

"मोठं झालं म्हणजे?"

"मोठं. आधी अर्धी स्क्रीन. मग आणखी. मी म्हणतोय, मला व्हॉल्व्ह हवा, व्हॉल्व्ह कुठाय, आणि शोधायला नजर फिरवतोय, पण जिकडे बघावं तिकडे त्यांचीच तोंडं. एवढी मोठी. राबियाने वर कॅमेऱ्याकडे बघितलं गो. मला वाटलं ती माझ्याकडेच बघते. बटण नव्हतं, रेवा. उजवीकडे नव्हतं, खाली नव्हतं. मी त्या चित्रावर हात मारले. शेवटी उठून धावलो."

रेवती शेजारच्या दगडावर बसली.

मामाला जे कळलं नव्हतं ते तिला ऐकताऐकताच कळलं. तो चित्राकडे बघत राहिला, म्हणून प्रोग्रॅमने गृहीत धरलं की याला चित्र हवंय. त्याची नाडी चढली, म्हणून प्रोग्रॅमने ठरवलं की हा आता एकच गोष्ट पेलू शकेल. मुख्य व्हॉल्व्हचं बटण दाबलं तर अख्खा कारखाना बंद पडतो, चुकून दाबल्यास नुकसान सगळ्यात जास्त, म्हणून त्याचे गुण आधीच कमी. माणसाने मरणाऱ्या माणसांकडे बघावं, यात काय चुकलं? पण त्या बघण्याचा अर्थ काय लावायचा हे तिने दोन वर्षांपूर्वी, दुपारच्या एका बैठकीत, एका ओळीत लिहून टाकलं होतं. डोळे जिथे, इच्छा तिथे.

"मामा," ती म्हणाली, "तू खरं सांगतोयस."

"मग ते लिहा ना कुठेतरी."

पुण्याला परतल्यावर तिने नोंदी काढल्या. नाडीची नोंद होती, एकशे अठ्ठेचाळीस. वायूची मापं होती, कोणतं बटण कधी दाबलं ते होतं. स्क्रीनवर कोणत्या क्षणी काय होतं, याची नोंद नव्हती. ती ठेवत नसत. सेकंदाला दहा वेळा घडणाऱ्या-मोडणाऱ्या गोष्टी लिहून ठेवायला लागलं की प्रोग्रॅम मंदावतो, आणि धोक्याच्या वेळी मंदावणं परवडत नाही, असं कारण देऊन ती नोंद काढून टाकण्याचा निर्णय झाला होता. निर्णयाखाली सही रेवतीची होती.

डोळ्यांची मापंही साठवलेली नव्हती. तिने अंदाजाने आकडे भरून तो प्रसंग संगणकावर चारशे वेळा चालवला. दोनशे एकसष्ट वेळा व्हॉल्व्हचं बटण बनलं नाही. उरलेल्या वेळा बनलं.

ती शार्दूलकडे गेली. त्याने आकडे नीट बघितले. तो वाईट माणूस नव्हता. त्याचाही चेहरा उतरला.

"म्हणजे नक्की सांगता येत नाही," तो म्हणाला.

"मामाने सांगितलंय ना. चित्र मोठं होत गेलं, हे त्याला रचून सांगता येणार नाही. आत काय चालतं ते त्याला कुठे माहीत आहे?"

"रेवती, एक्केचाळीस ठिकाणी हा प्रोग्रॅम चालू आहे. आपण 'बटण नव्हतं' असं लिहिलं तर उद्या सगळं बंद. आणि तुझ्यावर गुन्हा. नोंद काढायचा निर्णय तुझा आहे, गुणांचा नियम तुझा आहे. मनुष्यवधाचं कलम लागेल. ते मामांच्या बाबतीत लागणार नाही, त्यांच्यावर फार तर निष्काळजीपणा."

तिने दोन दिवस विचार केला. विचार कसला, ती घाबरली होती. तिसऱ्या दिवशी तिने मत लिहून दिलं. 'उपलब्ध माहितीवरून त्या क्षणी बटण दिसत होतं किंवा नव्हतं, असा कोणताच निष्कर्ष काढता येत नाही.' हेही वाक्य खोटं नव्हतं.

निष्कर्ष निघत नाही म्हटल्यावर समितीने ठरवलं की प्रत्यक्षच करून बघू. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, सकाळी अकरा वाजता, कारखान्याच्या कंट्रोल रूममध्ये मेस्त्रींना त्याच खुर्चीत बसवायचं, अपघाताच्या दिवशीची वायूची मापं प्रोग्रॅमला पुरवायची आणि बटण येतं का पाहायचं. समितीच्या अध्यक्ष वसुधा गोगटे, सुरक्षा खात्यातून निवृत्त झालेल्या, शांत, नेमकं विचारणाऱ्या बाई. शार्दूल हजर होता. कंपनीच्या बाजूने रेवती.

मामा इस्त्रीचा सदरा घालून आला. मनगटाला पट्टा बांधताना त्याने हात पुढे केला, दवाखान्यात करतात तसा. तळहातावर नवी, गुलाबी कातडी आली होती.

"काही बोलू नका, मेस्त्री," गोगटेबाई म्हणाल्या. "त्या दिवशी केलंत तसंच करा."

अलार्म वाजला. स्क्रीनवर डावीकडे हॉलचं चित्र आलं. हॉल धुवून स्वच्छ केलेला, रिकामा, टेबलं एका रांगेत. मामाने चित्राकडे बघितलं. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं. त्याची नजर सरकली. नाडी अठ्ठ्याहत्तर.

उजवीकडे बटण आलं. हिरव्या कडेचं, चांगलं तळहाताएवढं. 'मुख्य व्हॉल्व्ह बंद करा'.

मामा बटणाकडे बघत राहिला. मग त्याने हात उचलून ते दाबलं. अलार्म थांबला.

"हे त्या दिवशी होतं का?" गोगटेबाईंनी विचारलं.

मामाला उत्तर द्यायला इतका वेळ लागला की लिहून घेणाऱ्या कारकुनाने मान वर केली.

"असणार," मामा म्हणाला. "बटण आहे म्हणजे होतंच असणार. मलाच दिसलं नाही."

"मामा, तसं नाहीये," रेवती म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. शार्दूलने डोळे मिटले. आणि मग तिने सगळं सांगितलं. चित्र का मोठं झालं, बटणाला गुण कसे मिळतात, आज हॉल रिकामा आहे म्हणून बटण आलं, तिथे आज तीन बाया मरत असत्या तर आलं नसतं. चारशेपैकी दोनशे एकसष्ट वेळा. नोंद का नाही आणि कोणाच्या सहीने नाही. तिने काही गाळलं नाही.

गोगटेबाईंनी पूर्ण ऐकून घेतलं.

"तुम्ही यांना मामा म्हणालात."

"हो. माझे मामा आहेत."

"तुमच्या लेखी मतात हे नाही. आणि त्या मतात तुम्ही म्हणता, निष्कर्ष काढता येत नाही. आज म्हणता, बटण नव्हतं. मधल्या काळात नवीन माहिती काय मिळाली?"

"काही नाही. मी घाबरले होते."

बाईंनी चष्मा काढून पुसला. "मी तुमचं म्हणणं नोंदवून घेते. पण शिरधनकर, माझ्यासमोर काय आहे ते बघा. स्क्रीनवर बटण आलेलं मी डोळ्यांनी पाहिलं. ऑपरेटर स्वतः म्हणतो, होतं. आणि नव्हतं असं म्हणणारी एकटी त्यांची भाची."

निकाल जानेवारीत आला. ऑपरेटरचा निष्काळजीपणा. प्रोग्रॅममध्ये 'सुधारणेस वाव' असल्याचा एक परिच्छेद मागच्या पानांत होता. मामाला नोकरीवरून काढलं, खटला उभा राहिला, जामीन मिळाला. रेवतीने राजीनामा दिला. गुणांचा नियम, चारशे चाचण्या आणि स्वतःची सही, एवढं सगळं तिने एक्केचाळीसही कारखान्यांना पाठवलं. नऊ ठिकाणांहून पोच आली. दोघांनी प्रोग्रॅम बंद केला.

या सगळ्यापेक्षा तिला दुसऱ्याच गोष्टीचा धक्का बसला होता. तिला वाटलं होतं, मामाने दडपणाखाली कबुली दिली असेल. जानेवारीच्या शेवटी ती करंजवण्याला जाऊन राहिली, तेव्हा तिला समजलं की तसं नाही. मामाला आता खरोखरच बटण आठवत होतं.

"उजवीकडे होतं," तो जेवताना सांगे. "हिरव्या कडेचं. मी बघितलंच नाही तिकडे."

"मामा, ते तू डिसेंबरात बघितलंस."

"तेच ते बटण ना?"

"तेच ते असं काही नसतंच रे. ते त्या क्षणाला बनतं. तू विहिरीपाशी मला सांगितलं होतंस, आठवतं? तू चित्रावर हात मारलेस."

"घाबरल्यावर माणूस काहीही बोलतो."

कितीही समजावलं तरी त्याला पटेना. बटण ही वस्तू आहे आणि वस्तू आपल्या जागी असते, हे त्याने पस्तीस वर्षं हातांनी जाणलं होतं. मामी मध्ये पडली नाही. एकदा फक्त मोरीपाशी भांडी घासताना रेवतीला म्हणाली, "आता झोपतो तरी तो. बटण होतं म्हटल्यापासून झोपतो. बटण नव्हतं तर मग नुसता बघत बसला होता ना गो तो, त्यांना मरताना. ते त्याला कसं सोसायचं?"

रेवती घासलेली भांडी विसळायला लागली.

फेब्रुवारीत मामाने ठरवलं की तिघींच्या घरी जाऊन माफी मागायची. वकिलाने नको म्हणून सांगितलं होतं. तो ऐकेना, म्हणून रेवती बरोबर गेली. सुगंधाच्या नवऱ्याने त्यांना बसायला सांगितलं, पाणी दिलं, आणि मामाचं बोलणं संपेपर्यंत जमिनीकडे बघत राहिला. निर्मलाच्या सासूने दारातूनच परत पाठवलं. दोन्ही ठिकाणी रेवती गप्प राहिली.

राबियाचं घर बंदराच्या टोकाला. तिचा नवरा इस्माईल ट्रॉलरवर खलाशी होता. दुपारची वेळ होती, तो अंगणात जाळ्याला शिशाची वजनं बांधत बसला होता. दोन मुली आत गृहपाठ करत होत्या, त्यांचा आवाज येत होता.

"इस्माईल," मामा हात जोडून म्हणाला, "माझ्या समोर बटण होतं. मी ते दाबलं नाही. दाबलं असतं तर राबिया असती. हे तुला माझ्या तोंडाने सांगायला आलो."

इस्माईलने हातातलं जाळं खाली ठेवलं.

रेवतीला वाटलं होतं की आपण इथेही गप्प राहू. मामीचं बोलणं तिच्या डोक्यात होतं. पण आतून धाकटीने काहीतरी विचारलं आणि थोरलीने तिला समजावून सांगितलं, आणि रेवतीला राहवलं नाही.

"बटण नव्हतं," ती म्हणाली. "ते कोणत्या वेळी बनवायचं नाही, हे मी ठरवलं होतं. यांच्या हातात काहीच नव्हतं. चूक माझी आहे."

"तिचं ऐकू नको," मामा घाईने म्हणाला. "भाची आहे माझी. मला वाचवायला बोलते."

"मामा, तू त्यांना खोटं सांगतोयस."

"खोटं तू सांगतेस. मी तिथे होतो."

इस्माईल दोघांकडे आळीपाळीने बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. खूप थकलेल्या माणसाला कोणी उगाच उठवावं, तसं काहीतरी होतं.

"तीन महिने झाले," तो म्हणाला. "पोलीस येतात, वकील येतात, आता तुम्ही आलात. प्रत्येकजण मला वेगळंच सांगतो. मला माझ्या पोरींना काहीतरी एक सांगायचंय. मोठी रोज विचारते."

त्याने एकदा घराच्या दाराकडे बघितलं.

"आधी तुम्ही दोघं ठरवा," तो म्हणाला, "आणि मग या."

त्याने जाळं उचलून खांद्यावर टाकलं, आत गेला, आणि दार लावून घेतलं.